पगाराची तारीख आणि बाकीचं सगळं

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मशीनचं मला कळतं, माणसांचं तू सांग." फोनवर हे बोलणं होत नाही, मध्येच कुणीतरी चलनावर सही मागायला येतं. म्हणून लिहिते आहे. पुढच्या महिन्यापासून शिरोलीची शेड, म्हणजे आपला मशीनिंगचा छोटा कारखाना, तू बघणार. ड्रॉइंग, गिऱ्हाइकं, फाउंड्रीवाले यांच्यासाठी बाबा तुझ्याबरोबर आहेतच. हजेरी, पगार, उचल, रजा आणि भांडणं हे खातं आजवर माझ्याकडे होतं. ते आता तुझ्या हातात द्यायचं आहे.

पुण्यात तुझ्या कंपनीत एचआर होतं. रजेचा अर्ज कॉम्प्युटरवर जायचा, पगाराची स्लिप आपोआप यायची, कुणाला किती रजा शिल्लक हे विचारायलाही लागायचं नाही. इथं त्या सगळ्याच्या जागी एकच माणूस असतो, मालक. त्याचा दिवस बरा असेल तर रजा मिळते. गिऱ्हाइकानं सकाळीच झापलं असेल तर मिळत नाही. छोट्या कारखान्यातल्या माणसाला सगळ्यात जास्त जाच याचाच होतो. "आपण सगळे एका घरातले" असं म्हणणारे मालक मी एमआयडीसीत पुष्कळ पाहिले. त्यातले बरेच मनानं चांगले असतात. पण घरात हिशेब मागायला माणूस संकोचतो, आणि कामगाराला तो ताठ मानेनं मागता आला पाहिजे. जे त्याच्या हक्काचं आहे ते आपल्या मर्जीवर राहता कामा नये, एवढं एक तू धरून ठेवलंस तर पुढचं पुष्कळसं तुझं तुलाच सुचेल.

सुरुवात पगारापासून. कायद्यानं पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत द्यायचा असतो, आपण तो 7 लाच देतो. त्या तारखेवर पोरांच्या गाडीचे हप्ते, खोलीभाडं आणि भिशी बांधलेली असते. पगार 12 ला झाला तर आपल्या दृष्टीनं पाच दिवस उशीर, त्याच्या घरी मात्र हप्ता चुकल्याचा दंड आणि भिशीत चारचौघांत मान खाली. आता तू म्हणशील, गिऱ्हाइकाचेच पैसे आले नाहीत तर? लघुउद्योगाचं बिल 45 दिवसांच्या आत चुकतं करावं असं 2006 चा कायदा सांगतो, तरी 90 दिवस लावणारे गिऱ्हाईक तुला भेटेलच. त्याचा भार कामगारावर टाकायचा नाही. पगाराचं खातं मी वेगळं ठेवलं आहे आणि त्यात दोन महिन्यांच्या पगाराची रक्कम कायम असते. नवीन मशीनचं डाउन पेमेंट भरायला, कास्टिंगचं बिल भागवायला, कशालाही त्याला हात लावू नकोस. बाबांनी मागितले तरी देऊ नकोस, हे मी त्यांच्यासमोरच लिहिते आहे.

ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, आणि पीएफ. 10 माणसं झाली की ईएसआय लागू होतो, 20 झाली की पीएफ. आपण सोळा-सतराजण, म्हणजे पीएफ सक्तीचा नव्हता, तरी आपण स्वतःहून नोंदणी केली. माणसाचे 12 टक्के, आपले 12 टक्के. आकडा एकोणिसावरच रोखून धरणारे, विसाव्या माणसाला ठेकेदाराच्या नावावर दाखवणारे लोक तुला सल्ला द्यायला येतील. त्यांना चहा पाज आणि सोडून दे. ईएसआयचं मात्र बारकाईनं बघ. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्याचे 0.75 टक्के कापले जातात, आपण 3.25 टक्के भरतो, आणि त्यात त्याच्या बायकापोरांचाही दवाखाना येतो. आजारी पडला तर पगाराच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत. कामावर जखमी झाला तर 90 टक्के. पण हे मिळायला नाव आधी नोंदलेलं हवं. "आठ दिवस बघू टिकतोय का, मग नाव घालू" असं काही जण करतात, आणि बोट नेमकं त्या आठ दिवसांत जातं. नवीन पोरगा ज्या दिवशी पहिल्यांदा मशीनपाशी उभा राहील, त्याच दिवशी त्याची नोंद झाली पाहिजे.

बोनस 8.33 टक्क्यांच्या खाली नाही, आणि दिवाळीच्या निदान पंधरा दिवस आधी. बिहारची पोरं छठला गावी जातात. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणून त्यांच्या रजा श्रावण-भाद्रपदातच ठरवून टाक. तेव्हा हो म्हणायचं आणि ऐन वेळी ऑर्डर आली म्हणून अडवायचं, असं करू नकोस. कुणी कितीही गोड बोलून मागितलं तरी मंजूर झालेली रजा परत घ्यायची नाही.

उचलीची वही तू पाहिली आहेस. आपला नियम असा: एका महिन्याच्या पगाराइतकी उचल, सहा हप्त्यांत फेड, व्याज नाही, पहिली फिटल्याशिवाय दुसरी नाही. शेडमधल्या आपल्या जुन्या मामांना हाच नियम आणि काल आलेल्या हेल्परलाही हाच. ऊसतोडीत, वीटभट्टीवर उचल माणसाला बांधून ठेवायला देतात, पिढ्यान्पिढ्या लोक त्यात अडकलेले आपल्या भागानं पाहिले आहेत. आपल्या वहीनं कुणी बांधलं जाऊ नये, म्हणून रक्कम लहान ठेवली आहे. दवाखान्याची अडचण असेल तर तो पैसा मी उचलीत धरत नाही, वेगळा देते. त्याचंही पान वहीत शेवटी आहे.

आता जे वहीत नाही ते. आपली निम्मी पोरं पन्हाळा, राधानगरी, भुदरगडकडची. घरी दहा-वीस गुंठे भात किंवा ऊस आहे. आषाढात रोपलावणीला ती येणार नाहीत. तू चिडलीस तरी येणार नाहीत, कारण पाऊस कुणासाठी थांबत नाही. तेव्हा जूनमध्येच त्यांच्याशी बसून कोण कुठल्या आठवड्यात जाणार ते लिहून घे आणि गिऱ्हाइकाला डिलिव्हरीची तारीख देताना ते पान समोर ठेव. याहून मोठी गोष्ट म्हणजे रात्रीचं पाणी. शेतीपंपाला रात्रीची वीज असली की माणूस रात्रभर उसाला पाणी पाजतो आणि सकाळी 7 ला शिफ्टला हजर होतो. डोळे लाल असतात, बोलत नाही, कारण बोलला तर खाडा पडेल ही भीती. असा माणूस लेथवर उभा करायचा नाही. त्याला त्या दिवशी तपासणीच्या टेबलावर बसव, पॅकिंग दे, नाहीतर चार तास झोपून दुसऱ्या शिफ्टला ये म्हणून सांग. पगार कापायचा नाही. पोरांना हे एकदा पटलं की ती आपण होऊन सांगतात, "ताई, आज रात्री पाणी होतं." हे ऐकायला मिळणं आपल्या शेडची खरी सुरक्षितता आहे असं मी मानते. भिंतीवरचे बोर्ड त्याच्यानंतर. मशीनवर फिरत्या जॉबजवळ (तुकड्याजवळ) हातमोजे घालायचे नाहीत आणि व्हीएमसी मिलिंग मशीनच्या दाराचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडं असताना मशीन चालू न देणारं कुलूप, कुणीही, कितीही घाई असली तरी, बायपास करायचा नाही. या दोन गोष्टींवर मात्र कडक राहा. उत्पादन वाढावं म्हणून इंटरलॉक काढणारा ऑपरेटर शाबासकी मागायला आला तर त्याला समजावून सांग आणि दार बंद करूनच चालव म्हण.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, शिरोलीपाशी रस्ता कित्येक दिवस बंद राहिला, 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. चिखली, आंबेवाडीकडच्या पोरांची घरं पाण्यात होती. बाबांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला फोन केला: बंदच्या दिवसांचा पगार चालू, काळजी करू नका, आधी माणसं आणि जनावरं बाहेर काढा. पाणी ओसरल्यावर हा निर्णय घेतला असता तर खर्च तेवढाच झाला असता, पण त्या रात्री पोरांच्या डोक्यावरचं ओझं तसंच राहिलं असतं. द्यायचंच असेल तर लवकर सांग. पूर गेल्यावरही लगेच कामावर बोलावू नकोस, घरातला गाळ काढायला आठ दिवस जातात.

चुकांबद्दल. इन्सर्ट (कापणारं पातं) झिजलं, बोअर (आतलं भोक) ओव्हरसाइज गेला, दहा पीस वाया गेले. ऑपरेटरनं येऊन सांगितलं तर नुकसान दहा पिसांचं. त्यानं ते बिनच्या तळाशी दडवले तर पूर्ण लॉट गिऱ्हाइकाकडून परत येतो, सॉर्टिंगला माणसं पाठवावी लागतात आणि पुढची ऑर्डर जाते ती वेगळीच. तो सांगणार की दडवणार, हे मागच्या वेळी त्याच्याशी आपण कसं बोललो यावर ठरतं. म्हणून पीस वाया गेल्याचे पैसे पगारातून कापायचे नाहीत, आणि मशीनपाशी, चार लोकांत, आवाज चढवायचा नाही. बोलायचं ते ऑफिसमध्ये, दोघांतच. गाव, जात, घरची माणसं यांवरून एक शब्दही नाही, आणि दुसरा कुणी तसं बोलला तर त्याला तिथल्या तिथे थांबव. सगळ्यांना अहो-जाहो कर. एकोणीस वर्षांच्या हेल्परलाही.

मामांचं थोडं वेगळं आहे. त्यांनी तुला कडेवर घेतलेलं आहे. तू सेटिंग बदलायला सांगितलंस तर सुरुवातीला ते बाबांकडे बघतील. बाबांना मी सांगितलं आहे की त्या वेळी शेडमध्ये थांबू नका. तू मामांना कारण सांग, त्यांचं म्हणणं पूर्ण ऐक, आणि मग काय करायचं ते स्पष्ट सांग. त्यांचं बरोबर असेल तर सगळ्यांदेखत म्हण की मामांचं बरोबर आहे.

तपासणीवर दोन बायका आहेत. त्यांच्यासाठी वेगळं स्वच्छतागृह आपण बांधलं, त्याची कडी आणि दिवा दर आठवड्याला तू स्वतः बघ. 10 किंवा जास्त माणसं असलेल्या जागी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती कायद्यानंच लागते, आता तिची प्रमुख तू. दोघींना हे तुझ्या तोंडून कळू दे.

पोरं चाकणच्या मोठ्या कारखान्यांत जातील. शिकवून तयार केलेला ऑपरेटर दुप्पट पगारावर गेला की वाईट वाटतं, वाटू दे. पण त्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता कर आणि अनुभवाचं पत्र मागायच्या आधी दे. पाच वर्षं झालेल्याची ग्रॅच्युइटी निघते, दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, 26 दिवसांचा महिना धरून. मूळ पगार 20,000 असलेला माणूस 10 वर्षांनी निघाला तर साधारण 1,15,385 रुपये. एकदम काढायला जड जातात, म्हणून दर महिन्याला मूळ पगाराच्या 4.81 टक्के मी बाजूला टाकते. त्याची एफडी तुझ्या आणि माझ्या नावावर करायची आहे, सोमवारी बँकेत यायचं. येताना पॅन आणि आधारच्या प्रती आण, दोन फोटोही.

तुझी,
आई