एमजीबीच्या पुनरुज्जीवनास हातभार लावणाऱ्यांचे मनःपूर्वक आभार

बर्मिंगहॅममधील आमच्या घराच्या गॅरेजमध्ये गंजत पडलेली १९६५ची एमजीबी रोडस्टर ही उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर धावू लागली आहे. याचे श्रेय ज्यांना आहे, त्यांपैकी अनेकांची नावेही मला ठाऊक नसल्याने हे आभार जाहीरपणे मानत आहे.

सर्वांत मोठे ऋण त्या निवृत्त वेल्डर गृहस्थांचे आहे. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीला स्वतंत्र चासी (खालचा सांगाडा) नाही. दारांखालचे सिल (बॉडीचे पोलादी काठ) हाच तिचा कणा असल्यामुळे, आधार न देता ते कापले तर उघड्या टपाची ही गाडी मधोमध वाकते आणि दारे नीट बसेनाशी होतात. म्हणूनच त्यांनी आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्या, दाराभोवतीची फट बोटाने चाचपून पाहिली आणि मगच ग्राइंडर माझ्या हाती दिला.

वीज तयार करणाऱ्या जुन्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवून पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेली) वायरिंग निगेटिव्ह करताना टॅकोमीटरमध्येही (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मापकातही) बदल करावा लागतो, हे वेळीच सांगणाऱ्या ताईंचे, तसेच अनलेडेड (शिसेविरहित) पेट्रोलसाठी सिलिंडर हेडमध्ये कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून देणाऱ्या कारागिरांचे मी आभार मानतो. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरची मूळ जोडी मात्र बदलली नाही. १७९८ सीसीच्या या इंजिनाची खरी ओळख तीच आहे, असे माझे ठाम मत आहे. ती जोडी जुळवून देण्यासाठी स्वतःची दुपार खर्च करणाऱ्या आणि मोबदल्यात केवळ चहा घेणाऱ्या गृहस्थांचा मी कायम ऋणी राहीन.