शालू, त्याने पाय टेकला गं

प्रिय शालू,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही. फोनवर बोलतो, पण हे फोनवर सांगता येत नाही; मागे टीव्ही चालू असतो आणि समोर सूनबाई. माझे गुडघे आहेत तसेच, ह्यांची साखर आटोक्यात. प्रकृतीचं एवढं पुरे.

मल्हारला सोळा महिने झाले आणि तो अजून चालत नाही. सूनबाईच्या हिशेबाने पंधराच. तो महिनाभर आधी झाला ना, म्हणून ती डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजते आणि मी जन्मापासून. ह्यावरून रोज चकमक. तिने मोबाइलवर जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ताच काढून दाखवला, २००६ सालचा. घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपली दिल्ली, इथल्या मुलांवर लक्ष ठेवून केलेला. एकट्याने चालणं ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगतही नाहीत. म्हटलं, हे वरच्या मजल्यावर जाऊन वाच. तिथला नातू दहाव्या महिन्यात चालला, तेव्हापासून त्याची आजीच जिना छाती काढून उतरते.

उभं राहायला मात्र तो फार मजेने शिकला. आधी दिवाणाला धरून उठला. उठणं जमलं, पण बसायचं कसं ते येईना. रात्री कठडा धरून उभा आणि रडतोय, गुडघे दुमडायचे असतात हेच ठाऊक नाही. मग दिवाणाच्या कडेकडेने खेकड्यासारखा आडवा सरकायला लागला. मग एकाच हाताने. परवा दोन्ही हातांत वाटी-चमचा होता, त्या नादात काही न धरता चांगला उभा राहिला. आपण कशालाच धरलेलं नाही हे लक्षात आलं मात्र, लगेच बूड टेकलं!

न्यूयॉर्कच्या विद्यापीठातल्या कॅरेन अ‍ॅडॉल्फ ह्यांनी ह्या वयाच्या चालत्या मुलांची पावलं मोजली आहेत. तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. सूनबाईने वाचून दाखवलं तर हे म्हणतात, "पेन्शन लागल्यापासून माझी आठवड्यात एवढी होत नाहीत." पडण्याचं मात्र बोलले नाहीत.

वॉकर आणलेला नाही. तू अभयच्या वाढदिवसाला दिलेला माळ्यावर टाकला म्हणून संक्रांतीपर्यंत बोलली नव्हतीस. तर ऐक, तुझी लेक राहते त्या कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे, जुनासुद्धा विकायचा नाही. मूल आत लोंबकळत बोटांनी ढकलतं, तोल त्याला सांभाळावाच लागत नाही आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जिन्यापाशी पोचतं. पांगुळगाड्याला मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं. हे मी तेव्हाही म्हणत होते. जाऊ दे.

आता खरं सांगते. गेल्या आठवड्यात त्याला लसीचा बूस्टर दिला. डाव्या मांडीत. रात्री ताप चढला, सकाळी दिवाणापाशी नेला तर डावा पाय टेकेना. उचलूनच धरलेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की ताप येईल, मांडी दुखेल, दोन दिवस त्या पायावर भार देणार नाही. मला सगळं ऐकू आलेलं, समजलेलं. पण शालू, डावाच पाय गं. आणि ताप. आणि सुई.

आमचा भाऊ बापूही दहाव्या महिन्यातच चालला होता. आमच्याकडे त्याच्या लवकर चालण्याचं केवढं कौतुक! आई जन्मभर त्याला तापात सुई टोचणाऱ्या कंपाउंडरला शिव्या देत राहिली, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. अंगात पोलिओचा ताप असताना सुई टोचली तर पाय जाण्याची भीती वाढते, हे पुढे आपल्याला बूथच्या प्रशिक्षणात कळलं. तेव्हा मी तिला सांगितलं नाही. तूही सांगू नकोस म्हणालीस.

अभय म्हणाला, "आई, पोलिओ संपला. २०११ नंतर देशात एक केस नाही, २०१४ ला प्रमाणपत्रसुद्धा मिळालं." मला शिकवतोय! १९९५ पासून रविवार-रविवार तू तोंडात थेंब सोडायचीस आणि मी डाव्या करंगळ्या रंगवायचे, तेव्हा हा घरी क्रिकेट बघत बसायचा. मला माहीत आहे की संपला. पण रात्री मी उठून त्याच्या पायाला गुदगुल्या करून बघितल्या, बोटं हलतात का ते. हलली. तासाभराने पुन्हा बघितल्या. सूनबाईला सांगितलं, पांघरूण सरकलं होतं. ओटीवरून येणारा बापूच्या पायाला बांधलेल्या कॅलिपरचा आवाज तिने कुठे ऐकलाय?

तिसऱ्या दिवशी ह्यांनी रिमोट टीपॉयवर ठेवला. मल्हार दोन्ही पाय रोवून उठला, रिमोट तोंडात घातला आणि बातम्या बंद. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

चालत नाही तो अजून. चालेल तेव्हा चालेल.

तुझा मोतीबिंदू उरकून घे, पावसाळ्याची वाट बघू नकोस. लेकीचं घर झालं का? विहीणबाईंचं कळलं, वाईट वाटलं, वेगळं पत्र टाकते. ह्या वर्षी कुरडयांचा घाट घालू नकोस, इथे बऱ्या मिळतात.

तुझी,
कुंदा