सूचना : गावरान टोमॅटोचे बी वेळेवर सोपवा

गुडघे, कंबर किंवा गच्चीचे जिने यांमुळे ज्या सभासदांना बाग झेपत नाही, त्यांनी जपलेले टोमॅटोचे बी पुढे द्यावे. बी आंबवणे-धुणे जमत नसेल तर नुसती पिकलेली फळे द्या, पुढचे आम्ही करू.

फळे निरोगी झाडांवरचीच निवडा, शक्यतो पाच-सहा झाडांवरून. पाने चट्टेरी किंवा वेडीवाकडी झालेले झाड टाळा; मोझॅकचा विषाणू बियांबरोबर जातो. संकरित वाणाचे बी देऊ नका, पुढच्या पिढीत फळे एकसारखी येत नाहीत. पुसा रुबीसारखे सरळ वाण (संकरित नसलेले, ज्यांच्या बियांपासून तशीच फळे येतात) चालतात.

आंबवण्यासाठी फळातला गर व बी काचेच्या बरणीत झाकून दोन दिवस ठेवा, रोज ढवळा. बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटला की चाळणीत धुवा. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर बी बरणीतच मोड धरते. वाळवायला स्टीलचे ताट घ्या. कागदाला बी चिकटते. सावलीतच वाळवा. बी सुटसुटीत, खडखडीत झाले पाहिजे.

पाकिटावर वाणाचे नाव, फळाचा रंग-आकार, झाड बुटके की वेलासारखे वाढणारे आणि वर्ष लिहा. नाव आठवत नसेल तर वर्णन पुरे, अंदाजाने नाव नको.

जुने बी असेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवा. सातपेक्षा कमी रुजल्या तर तसे पाकिटावर लिहा. एक वाण किमान तीन घरी जावे. घेणाऱ्यांनी बी फ्रीजमध्ये ठेवले असेल तर ती बरणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर आत दव धरते.