जुन्या क्रॉलरचा रंग नको, साखळी पाहा

संपादक महोदय,

जुन्या क्रॉलर ट्रॅक्टरचे, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचे, कौतुक बहुतेकदा रंगापाशीच थांबते. खरी मातब्बरी साखळीची. वजन रुंद पट्ट्यांवर पसरते, त्यामुळे जमीन कमी दबते आणि चाक जागच्या जागी गरगरण्याचा प्रश्न येत नाही. १९३८ साली आलेल्या कॅटरपिलर डी२ वर आजही लोक जीव टाकतात, तो उगाच नाही.

विकत घेताना साखळीचा झोळ, म्हणजे ती किती लोंबते ते, मोजा. साखळीच्या आतले पुढचे चाक आणि साखळीला वरून आधार देणारा रोलर यांच्यामध्ये साधारण एक ते दीड इंच हवा. 'सैल दिसते' म्हणून आवळली की साखळीचे दुवे जोडणाऱ्या पिना, त्यांवरच्या नळ्या म्हणजे बुश आणि साखळी ओढणारे दातेरी चाक एकदमच झिजतात. बुश एका अंगाने झिजले असतील तर पिनांसह अर्धा फेरा फिरवून बसवता येतात. मात्र ते आरपार खाल्ले जाईपर्यंत थांबलात तर ही सोय संपली.

ट्रॅक्टर एका बाजूला वळतच नसेल, तर वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या यंत्राच्या स्टिअरिंग क्लचच्या (वळताना त्या बाजूच्या साखळीची ताकद तोडणाऱ्या क्लचच्या) प्लेटा बहुधा गंजून चिकटलेल्या असतात. तेल झिरपून त्या भिजल्या असतील तर उलट घसरतात. आणि डिझेल इंजिन चालू करून देणारे छोटे पेट्रोल इंजिन नेहमी पेट्रोलचा कॉक बंद करूनच थांबवा; कार्बोरेटरमध्ये राहिलेल्या पेट्रोलचा डिंक होतो.

– एक वाचक