रिमोट हातात न घेणाऱ्या पोराला

बाळा,

तुझं नाव इथं लिहीत नाही. तूच म्हणाला होतास, "काकू, नाव नको. मालक म्हणतील, ह्यो काम सोडून मास्तरकी करतोय." तरी हे तुझ्यापर्यंत पोचेल. मोटरसायकलच्या हँडलला केबलच्या काळ्या वायरचं वेटोळं अडकवून फुलेवाडी रस्त्यानं आमच्या अपार्टमेंटमध्ये येणारा तू एकटाच आहेस. तोंडावर आभार मानायला गेलं की "असूं दे की" म्हणत जिना उतरतोस, म्हणून हे लिहून ठेवतेय.

तुझ्या काकांचा जन्म शिवाजी पेठेतला. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की ताटावरून अर्धवट उठून निघणारा माणूस. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली तेव्हा स्टेडियम संपलं. उरली ती लोकल चॅनेलवर दिसणारी मॅच. आणि तीच नेमकी टाय लावून आलेल्या एका माणसानं काढून नेली. "नेट, टीव्ही, सिनेमे, सगळं एकात. केबल काढून टाका, पैसे वाचतील." मी दोनदा विचारलं, कोल्हापूरचं चॅनेल दिसेल ना? "सगळं दिसतं मॅडम."

सगळं दिसत होतं. इंग्लंडची लीग दिसत होती, स्पेनची दिसत होती. पाटाकडील आणि शिवाजी या आपल्या कोल्हापूरच्या संघांची मॅच सुरू झाली त्या दिवशी मात्र हे पडद्यासमोर बसून राहिले आणि बाहेरून, कुणाच्या तरी खिडकीतून, गोल झाल्याचा आरडाओरडा ऐकू आला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा मला अजून राग येतो. ह्यांचा नाही, त्या टायवाल्याचा.

मग फोन. मराठीसाठी दोन दाबा. दाबलं, तर पलीकडून हिंदी. "आपकी शिकायत हमारे लिए महत्वपूर्ण है," आणि त्यानंतर गाणं. गाणं चांगलं होतं, एवढंच काय ते. लोकल चॅनेल गावातलेच केबलवाले चालवतात, ते त्यांच्याच तारेवरून येतं, या पॅकेजमध्ये ते मिळायचं नाही, हे मला कुणीही सांगितलं नाही. विकणाऱ्याला ते माहीत नव्हतं, असं मला वाटत नाही.

घरचेही काही कमी नव्हते. पुण्याहून मुलगा आला, भाचा आला. दोघांचं एकच. माझ्या हातातून रिमोट घ्यायचा, बोटं अशी चालवायची की डोळ्याला दिसू नयेत, आणि "झालं बघ, सोप्पंय" म्हणून परत द्यायचा. दुसऱ्या दिवशी पडदा पुन्हा निळा. मी तीसेक वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय. मुलाच्या हातातली पाटी काढून घेऊन आपणच गणित सोडवून दिलं, तर त्याला काय येणार?

शेवटी पुन्हा केबल घ्यायची ठरवली आणि तू आलास. वायर जोडलीस, पेटी लावलीस, ते तुझं कामच होतं. त्यानंतर जे केलंस त्यासाठी हे पत्र आहे. मी सवयीनं रिमोट तुझ्यापुढं केला, तर तू दोन्ही हात पाठीमागं बांधलेस. "मला नगं काकू. काकांच्या हातात द्या." ह्यांचा चालतो तो डावाच हात, आणि तोही थरथरतो. पहिलं बटण चुकलं. दुसरं चुकलं. मेनूत कुठंतरी जाऊन भाषा बदलली, टीव्ही तमिळ बोलायला लागला. मी पुढं झाले तर तू मानेनंच नको म्हणालास. "निवांत काका. मागं यायचं बटण ते डावीकडचं." आणि तू उभा राहिलास. घड्याळ बघितलं नाहीस. खिशात फोन वाजत होता, तो काढला नाहीस. ह्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं आपलं चॅनेल लावलं, ते आवडत्याच्या यादीत टाकलं, मग बंद केलं आणि पुन्हा लावून दाखवलं. झटका आल्यापासून या घरात ह्यांना घास भरवला, कपडे घातले, कूस बदलली. ह्यांनी एखादी गोष्ट स्वतः करेपर्यंत कुणी थांबलं होतं, असं मला आठवत नाही. डॉक्टरही नाही.

नंतर रविवारी तू पार्किंगमध्ये थांबलास आणि सगळ्या मजल्यांवरून बिलं घेऊन माणसं उतरली, ती ह्यांनीच सांगितलं म्हणून. तेव्हा तू जे बोललास ते मी वहीत उतरवून घेतलंय. नेट म्हणजे रस्ता आणि ॲप म्हणजे थेटर. रस्त्याचे पैसे भरले म्हणून थेटरचं तिकीट माफ होत नाही. हे ऐकून जोशी वहिनी एकदम "अगंबाई" म्हणाल्या, कारण त्या दोन ॲपचे पैसे दोनदा भरत होत्या, एकदा प्लॅनमधून आणि एकदा बँकेतून परस्पर. बँकेतून असे पैसे कापायच्या चोवीस तास आधी मेसेज येतो, तो न वाचता पुसायचा नाही, हेही तेव्हाच कळलं.

केबलच्या बिलाचं तर आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. २०१९ च्या फेब्रुवारीपासून एकेक चॅनेल निवडून घ्यायचा हक्क आपल्याला आहे, सबंध पुडक्याची सक्ती नाही. चॅनेलचे पैसे वेगळे आणि जोडणीचा महिन्याचा आकार वेगळा. तो आकार तेव्हा पहिल्या शंभर चॅनेलना जास्तीत जास्त १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे ठरला होता. २०२४ मध्ये ती मर्यादा काढून टाकली, तेव्हा आता ज्याच्या त्याच्या बिलावर काय लिहिलंय ते वाचायला हवं. इतकी वर्षं आम्ही फक्त शेवटचा आकडा वाचत होतो.

पण मला तुझं वेगळंच आवडलं. चौथ्या मजल्यावरचा पोरगा तावातावानं म्हणाला, शंभरच्या स्पीडचा प्लॅन घेतलाय आणि सिनेमा उतरवताना बारा दिसतंय, चोर आहेत. नेट दुसऱ्याच कंपनीचं होतं. तुला हो म्हणून गिऱ्हाईक ओढता आलं असतं. तू म्हणालास, "न्हाई भावा, ते बरोबर देत्यात. प्लॅन मेगाबिटात असतोय, सिनेमा उतरताना मेगाबाइट दिसत्यात. शंभर मेगाबिट म्हंजे आठनं भाग, साडेबारा मेगाबाइट." आणि तळमजल्यावरच्या आजी फक्त सह्याद्री आणि बातम्या बघतात हे कळल्यावर त्यांना सरळ सांगितलंस की दूरदर्शनची फ्री डिश लावा, एकदा खर्च, मग महिन्याला काही नाही. तुझे मालक तिथं नव्हते ते एक बरं. आता ते हे वाचत असतील तर त्यांना सांगते: त्या दिवसानंतर आमच्या इमारतीतली दोन घरं परत केबलवर आलीत, आणि ती या पोराकडं बघून आलीत.

अशी माणसं आपल्याकडं दुर्मीळ आहेत असं मी म्हणणार नाही. २०१९ च्या महापुरात तालमीतली पोरं कमरेएवढ्या पाण्यातून अनोळखी म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन आली, ते या गावानं बघितलंय. संकटात आपलं गाव कधी मागं राहत नाही. पण पूर नसताना, साध्या मंगळवारी दुपारी, पुढची पाच कामं खोळंबलेली असताना एका आजारी माणसाच्या अंगठ्यासाठी हात मागं बांधून उभं राहायचं, त्याचा फोटो कुणी काढत नाही. हार घालायला नगरसेवकही येत नाही. म्हणून म्हटलं, कुणीतरी लिहावं.

तू चहा घेतला नाहीस, पैसे तर हातातही घेतले नाहीस. तेव्हा पुढच्या मॅचला ये. हे तुला शिवाजी आणि दिलबहारच्या जुन्या मॅचेस सांगतील. बोलणं थोडं अडखळतं, पण तुला थांबता येतं.

आणि एक काम आहे. तिसऱ्या मजल्यावर नेटच्या पेटीचा लाल दिवा लागलाय. त्यांनी पेटी सारखी बंद-चालू करायचा सपाटा लावला होता. मी त्यांना सांगितलं, आधी ती पिवळी बारीक वायर कपाटामागं कुठं मुडपली आहे का बघा, फायबर वाकवलेला चालत नाही. बरोबर सांगितलं ना?

तुझी,
दुसऱ्या मजल्यावरची काकू