गड्डा उरकला की नीलला निघायचं

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

तिकिटं काढली आहेत. हे आधीच सांगते, नाहीतर “नको गं, कशाला खर्च” म्हणून पत्र अर्ध्यावरच घडी होऊन टीव्हीवर जाईल. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही दोघं अंदमानातल्या नील बेटावर चालायला जाताय. चार रात्री नीलवर, आणि जाताना एक, येताना एक श्री विजयपुरमला. तारखा गड्ड्याकडे, आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेकडे, बघूनच घेतल्यात. अक्षता सोहळा, होम, दारूकाम, सगळं बघून मग बॅगा भरायच्या. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला बाबा नाहीत असं व्हायचं नाही.

बाबा, नावांचा घोळ आत्ताच निस्तरते. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम झालंय आणि नीलचं 2018 पासून शहीद द्वीप. बोटीच्या तिकिटावर एक आणि रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं असेल, पण बेट तेच. नेताजींनी 1943 मध्ये अंदमानला ‘शहीद’ आणि निकोबारला ‘स्वराज’ म्हणायचं ठरवलं होतं, त्यातलं पहिलं नाव या एवढ्याशा बेटाला मिळालं. सोलापूरच्या, चार हुतात्म्यांच्या गावच्या माणसाला यापेक्षा जास्त काय सांगायचं?

यात्रा कंपनी का नाही, हेही विचाराल. गाणगापूरच्या वेळी काय झालं ते आठवा. गुडघ्याला चालण्याचा त्रास कमी आणि बसच्या उंच पायऱ्या पन्नास वेळा चढण्या-उतरण्याचा जास्त. नील जेमतेम पाच-सहा किलोमीटर लांब आहे आणि जवळपास सपाट. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांनी साठच्या दशकात वसवलेलं शेतीचं बेट ते. भाजीचे मळे, केळी, सुपारी, मधून साधा रस्ता. गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. आई, ऐकूनच निम्मी तयार झाली असशील तू.

मी सोबत येत नाही. रजा नाही हे खरं कारण आहे आणि ते मला टोचतंय. पण हेही खरं की मी असते तर दोघं माझ्या वेगानं चालला असता आणि दमलोय म्हणून कबूल केलं नसतं. तिथे दोघंच असाल. बाबा थांबले की आई थांबेल, आई थांबली की बाबा कुरकुर करत थांबतील.

तयारी आजपासून. रोज सकाळी कंबर तलावावर फिरता, त्यात दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. सलग तास-सव्वातास धाप न लागता जमलं की नीलला पुरतं. शेवटचे दोन आठवडे पाठीला छोटी सॅक आणि त्यात पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या. बूट नवे घ्यायचे, दादाच्या लग्नातले नाही! खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पुढे अंगठ्याएवढी जागा सुटली पाहिजे. ते बूट महिनाभर सोलापुरात वापरूनच बॅगेत. खडकांवर चालायला वेगळे सँडल हवेत, बोटं झाकणारे, मागे पट्टा असलेले, रबरी तळव्याचे. चप्पल चालणार नाही. बाबा, काठीला नाही म्हणू नका. घडीची, खाली रबर असलेली. दुखरा गुडघा उजवा, म्हणून काठी डाव्या हातात. सगळे उलटं धरतात आणि मग म्हणतात काठीनं काही फरक पडत नाही.

सोलापूरहून चेन्नईला थेट गाडी आहे, खालचे दोन बर्थ मिळालेत. पुढे विमान सव्वादोन तासांचं. त्याच दिवशी बोट धरायची नाही, म्हणूनच ती पहिली रात्र. दुपारनंतर बोटी कमी होतात आणि विमान तासभर लांबलं तरी बोट चुकते. परतीचंही तेच: विमानाच्या आदल्या दिवशीच नील सोडायचं, कारण हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि बेटावरच अडकायला होतं. बोट सकाळची घेतलीये, दीड-दोन तासांची. बसायला खालचा मजला, मधली किंवा मागची जागा. पुढच्या टोकाला बोट जास्त उसळते. आई, रिकाम्या पोटी बसू नकोस आणि भरल्या पोटीही नको. मोबाइलकडे न बघता लांब क्षितिजाकडे बघ. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून तासभर आधी. मूळ आधारकार्ड हाताशी ठेवा.

तिथला दिवस सूर्यावर आणि ओहोटीवर चालतो. घड्याळ आपलंच, पण बेट इतकं पूर्वेला की सगळं सोलापूरपेक्षा तासाभराहून जास्त आधी होतं. सहाच्या आसपास उजाडतं आणि सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो, मग भराभर अंधार. म्हणून चालणं पहाटे किंवा दुपारी साडेतीननंतर, आणि टॉर्च दोघांकडे वेगवेगळा. पहिल्या दिवशी फक्त धक्क्याजवळचा भरतपूर किनारा, बाकी आराम. दुसऱ्या पहाटे रिक्षानं सीतापूरला जा, सूर्योदय बघा आणि मळ्यांमधून पाचेक किलोमीटर चालत या. जाताना रिक्षा आणि येताना पाय, अशासाठी की दमलात तर गाव जवळ येत असतं, लांब जात नसतं. लक्ष्मणपूरचा सूर्यास्ताचा किनारा एखाद्या निवांत संध्याकाळी.

लक्ष्मणपूरचाच दुसरा भाग, तो खडकाचा नैसर्गिक पूल, नीट समजून घ्या. तिथे फक्त ओहोटीला जाता येतं. दिवसात दोन ओहोट्या, आणि वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते. आज दहाला असेल तर उद्या अकराच्या अलीकडे. कालची वेळ आजची समजून निघालेली माणसं पाण्यात अडकतात ती अशी. रोज सकाळी राहत्या जागी विचारा. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरायला लागलं की परत. वाट मृत प्रवाळावरून आहे, धारदार आणि शेवाळानं निसरडी. डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या, निळे मासे दिसतील, पण पाय कोरड्या खडकावरच. आई, शिंपला किंवा प्रवाळाचा तुकडासुद्धा देव्हाऱ्यासाठी उचलायचा नाही. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

वाळूत चालायचं तर पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूत. किनारा उतरता असतो, एकाच बाजूनं लांब गेलात तर एका गुडघ्यावर भार येतो, म्हणून त्याच वाटेनं परत या. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात. पूर्ण पँट, पायाला खोबरेल. खाजवायचं नाही, विशेषतः आईनं. खारफुटीच्या कडेला आणि पाटी लावलेल्या पाण्यात उतरू नका, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. घाबरवत नाही. सरकारी पाट्या वाचायची बाबांना हौस आहे, एवढंच.

आता बाबांचं “आम्ही 44 डिग्रीत वाढलोय”. तिथे 30 च असतं, पण हवा दमट. सोलापुरात घाम वाळतो आणि अंग गार होतं, तिथे तो वाळतच नाही. तासाला अर्धा लिटर पाणी, तहान लागायची वाट न बघता. आई, तुझ्यासाठी एक खास गोष्ट. साखर उतरली की घाम येतो हे तुला पाठ आहे, पण तिथे सगळ्यांनाच घाम येणार. तेव्हा हाताचा थरकाप, चक्कर, सुचेनासं होणं याकडे लक्ष. असं वाटलं तर बसून तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी बरं नाही वाटलं तर पुन्हा, आणि मग काहीतरी खायचं. साखरेची पुडी बाबांच्या खिशातही हवी. उपाशी पोटी पहाटे निघायचं नाही, चतकोर कडक भाकरी आणि शेंगाचटणी आधी पोटात. रात्री बाबांनी तुझे तळपाय बघायचे, लाजू नका. औषधं दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, दोन्ही हातातल्या बॅगेत. बेटावर सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण मोठं दुखणं निघालं तर श्री विजयपुरमच गाठावं लागतं. म्हणून छातीत दुखणं, धाप असलं काही “बघू सकाळी” म्हणून ढकलायचं नाही.

खोली तळमजल्यावर आहे. कमोड, गरम पाणी, मच्छरदाणी आणि चहाची किटली असल्याचं फोन करून विचारून घेतलंय. जेवण भात, डाळ, भाजी, सांगितलं तर पोळी. चहा बहुधा पावडरच्या दुधाचा, बाबा, चार दिवस चालवून घ्या. कडक भाकरी, चटणी, मेतकूट आई नेणारच आहे. चटणी मोठ्या बॅगेत टाका. रोख पैसे श्री विजयपुरमला काढा, बेटावर एटीएमचा भरवसा नको. रेंज येते-जाते. एका संध्याकाळी फोन लागला नाही तर मी घाबरणार नाही असं ठरवलंय. दुसऱ्या संध्याकाळी मात्र लागायला हवा.

लहानपणी मी चालून दमले की बाबा म्हणायचे, “त्या दिव्याच्या खांबापर्यंत चल, मग उचलतो.” खांब आला की पुढचा खांब दाखवायचे. आई, सीतापूरच्या रस्त्यावर हे तंत्र तू बाबांवर वापर. रस्त्यात रिकामी रिक्षा दिसली आणि बसावंसं वाटलं तर बसा. मला सांगायचीही गरज नाही.

दूध आणि पेपर आठ दिवस बंद करायला सांगा. तुळशीला शेजारच्या काकू पाणी घालतील, किल्ली त्यांच्याकडेच. डॉक्टरांकडे मात्र या शनिवारीच जायचं. गुडघा, साखर, बीपी तिन्ही दाखवून ते काय म्हणाले ते मला कळवा. ते नको म्हणाले तर मी सगळं रद्द करीन, पैशाचा विचार करू नका. पण ते नको म्हणणार नाहीत.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, छत्री न्यायची नाही, वाऱ्यात उलटी होते. टोपी घ्या, हनुवटीखाली दोरी असलेली. आणि नव्या बुटांचा फोटो रविवारपर्यंत पाठवा.