कंपनी बंद पडल्यावरचा अभ्यास कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विधी आणि वाणिज्य शाखांच्या प्रवेशांचे दिवस आहेत, म्हणून हे पत्र.

मी इंदूरच्या एका महाविद्यालयात सव्वीस वर्षे कंपनी कायदा शिकवला. पहिल्याच तासाला फळ्यावर १८९७ हे साल लिहायचे. सॉलोमन खटल्याचे. कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, हे तत्त्व त्या निकालाने पक्के झाले. मुले ते पाठ करत आणि पास होत. त्याच वर्षांत आपल्याच शहरात हुकुमचंद या कापड मिलच्या फाटकाला कुलूप होते. तिथे मी एकदाही वर्ग नेला नाही, याची मला आज फार खंत वाटते.

मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांचे २२४ कोटी रुपये सुटले ते डिसेंबर २०२३ मध्ये. तोवर कित्येक कामगार हयातच नव्हते. हक्क वारसांकडे गेला होता. कायदा कामगारांच्या विरोधात होता, असेही नाही. १९८५ सालच्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात कलम ५२९अ आले. कंपनी बुडाली तर कामगारांची देणी तारणावर कर्ज देणाऱ्या बँकांच्या बरोबरीने आणि इतर सगळ्यांच्या आधी द्यायची, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. म्हणजे मिल बंद पडली तेव्हा हा हक्क कागदावर होता. मग तीस वर्षे कुठे गेली? बँकांच्या दाव्यांत, जमिनीच्या वादात की नुसत्या तारखांत? शेवटी राज्य सरकारने जमीन घेऊन देणी भागवली तेव्हा वाट निघाली. या मधल्या काळाचा अभ्यास आपल्या विद्यापीठाने करायला हवा.

दुसरे उदाहरण इंदूरजवळच्या पीथमपूर या औद्योगिक गावाचे. युनियन कार्बाइडच्या भोपाळ कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये तिथे आणला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. भारतीय कंपनीत अमेरिकन मूळ कंपनीचा वाटा ५०.९ टक्के होता. १९८९ मध्ये गॅसपीडितांच्या भरपाईची ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी कचरा जाळण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला. ‘वेगळी व्यक्ती’ या दोन शब्दांचा खरा अर्थ इथे कळतो. सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर खर्च करायच्या नफ्यातले, २ टक्के मुलांना तोंडपाठ असतात, हा हिशेब मात्र कुठल्याच पेपरात येत नाही.

देवी अहिल्या विद्यापीठातल्या विधी, वाणिज्य आणि समाजशास्त्र या विभागांनी मिळून एखादे वर्ष तरी फक्त हुकुमचंद मिलला द्यावे. लिक्विडेटरकडचे (बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याकडचे) कागद, न्यायालयाचे आदेश, कामगारांनी जपलेल्या हजेरीच्या पावत्या आणि युनियनची पत्रके एकत्र करावीत. सगळ्यात आधी माणसांशी बोलावे, कारण ज्यांना आठवते ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

हे काम कुणी हाती घेतले, तर परदेशीपुऱ्यात आणि मालवा मिल भागात विद्यार्थ्यांबरोबर घरोघरी फिरायला मी तयार आहे. सकाळची वेळ मला सोयीची पडेल.

आपली वाचक,
एक निवृत्त प्राध्यापिका
रामबाग, इंदूर